चार्ल्स केटरिंग : खेड्यातल्या शाळेचे मास्तर आणि ट्रकच्या इंजिनातली ठिणगी



दहावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवताना आपण काय करतो? फॅरेडे यांचं नाव सांगतो, तारेची गुंडाळी दाखवतो, तिच्यात चुंबक आत-बाहेर करतो आणि गॅल्व्हानोमीटरची सुई हलली की मुलांना टाळ्या वाजवायला सांगतो. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, की सर, सुई हलली, पण पुढे काय? हा लेख त्या मागच्या बाकासाठी आहे. आणि ज्यांच्याविषयी तो आहे, ते गृहस्थ आपल्यासारखेच मास्तर होते. खेड्यातल्या एका वर्गखोलीच्या शाळेत शिकवणारे.

आपल्याकडे गाडी सुरू करण्याला सेल्फ मारणं म्हणतात. ड्रायव्हर म्हणतात, मेकॅनिक म्हणतात, घरात स्कूटी चालवणारी मुलगीही म्हणते. हा सेल्फ शब्द सेल्फ-स्टार्टरचा उरलेला अर्धा तुकडा. तो सेल्फ आणि जुन्या पेट्रोल इंजिनातली पॉइंट-कंडेन्सर-कॉइलची ठिणगी, या दोन्हींच्या मागे एकच माणूस आहे. चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

जन्म २९ ऑगस्ट १८७६. अमेरिकेच्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळ वडिलांची शेती. पाच भावंडांत चार्ल्स चौथे. घरची कामं, गुरं, लांबची शाळा, म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलाचं बालपण जसं असतं तसंच. फरक एवढाच की या मुलाचे डोळे लहानपणापासून अधू होते. थोडं जास्त वाचलं की डोकं ठणकायला लागायचं. आपल्या वर्गातही असं एखादं मूल असतं बघा, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून डोळे बारीक करणारं, आणि आपण त्याला लक्ष नाही म्हणून ओरडतो.

शाळा संपल्यावर त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. बंकर हिल नावाच्या ठिकाणी एका खोलीची शाळा, सगळे इयत्तावार एकत्र. तिथे ते संध्याकाळी मुलांना बोलावून वीज, उष्णता, चुंबकत्व, गुरुत्वाकर्षण यांचे प्रयोग करून दाखवत. नोकरीत हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पगारातही बसत नव्हतं. बहुशिक्षकी शाळेत काम केलेल्या आपल्याला द्विशिक्षकी किंवा एकशिक्षकी शाळेतला तो दिवसभराचा गोंधळ माहीत नसतो. तो संपवून परत संध्याकाळी दिवे लावून प्रयोग मांडायचे, हे करणाऱ्याला हौसच लागते.

पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेले, आणि डोळ्यांनी तिथेच दगा दिला. पुस्तकं वाचवेनात. शिक्षण मधेच सोडावं लागलं. तेव्हा ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागले. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. मला त्यांच्या आयुष्यातला हा तुकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. पुस्तक बंद झालं तेव्हा वीज त्यांना हातांनी शिकायला मिळाली. उघड्या हवेत डोळ्यांना आराम पडला, आणि ते परत विद्यापीठात गेले. सोबतचे विद्यार्थी मोठ्याने धडे वाचत आणि हे ऐकत. १९०४ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळाली तेव्हा वय जवळजवळ २८ होतं. दोन-तीन वर्षं वाया गेली म्हणून मुलाच्या मागे लागणाऱ्या पालकांनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा.

पदवीनंतर डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. दुकानाच्या गल्ल्यावरचं बेरीज करणारं यंत्र तिथे बनायचं. ते हाताने मुठ फिरवून चालवावं लागे. विजेच्या मोटरवर चालवायचं तर मोटर गल्ल्यात मावणार नाही एवढी मोठी हवी, असा हिशेब होता. केटरिंग यांनी तो हिशेब उलटा तपासला. दिवसभर ओझं ओढणारी मोटर मोठीच लागते. पण गल्ल्याचा खण उघडायला लागतात एक-दोन सेकंद. तेवढ्या वेळापुरता छोट्या मोटरवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकला तरी ती तापायच्या आत काम संपतं, आणि मग तिला गार व्हायला भरपूर वेळ मिळतो. झालं. छोटी मोटर गल्ल्यात बसली. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पाच वर्षांनी ती परत येणार आहे.

खळ्यातली कार्यशाळा

त्याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचे एक वरिष्ठ होते. त्यांच्या घरामागे गवत-घोडागाडी ठेवायचं खळं होतं. दिवसा नोकरी आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी या खळ्यात मोटारगाडीच्या विजेवर काम, असा उद्योग सुरू झाला. कंपनीतले आणखी काही जण येऊ लागले. या मंडळींना पुढे खळ्यातली टोळी असंच नाव पडलं. १९०९ मध्ये केटरिंग यांनी नोकरी सोडली. घरी पत्नी ऑलिव्ह आणि वर्षभराचा मुलगा, आणि हातात खात्रीचं काही नाही. डीड्स यांच्यासोबत काढलेल्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं जोडली की डेल्को. बॅटरीच्या दुकानात हे नाव पाहिलं असेल.

त्या वेळी गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडायची सोय होती, नव्हती असं नाही. काही गाड्यांत मॅग्नेटो असे, म्हणजे इंजिनानेच फिरणारं छोटं जनित्र. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांचा मॅग्नेटो नावाजलेला होता. पण मॅग्नेटो जोरात फिरला तरच जोरकस ठिणगी देतो, आणि सुरू करताना इंजिन फिरतं हळू. दुसरी पद्धत थरथरत्या कॉइलची. विजेच्या घंटेसारखा एक लोखंडी पत्रा सतत थरथरत राही आणि एकामागोमाग ठिणग्यांचा पाऊस पाडी. काम होई, पण कोरडे सेल भराभर संपत. केटरिंग यांनी ठरवलं की एका स्फोटाला एकच ठिणगी, पण ती नेमक्या क्षणी आणि दमदार. तेवढ्यावर सेल कितीतरी जास्त दिवस पुरू लागले. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना ते पटलं आणि त्यांनी काही हजार संचांची मागणी नोंदवली. खळ्यातल्या मंडळींकडे कारखाना नव्हता! दुसऱ्यांकडून बनवून घेऊन त्यांनी ती पुरी केली.

आता मुलांना ही ठिणगी कशी पडते ते सांगायचं झालं तर फळ्यावर असं सांगा. एक लोखंडी गाभा. त्याच्यावर जाड तारेचे थोडे वेढे, ही प्राथमिक गुंडाळी. त्याच गाभ्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, ही दुय्यम. साधारण एकास शंभर हे प्रमाण धरा. बॅटरीचा प्रवाह प्राथमिक गुंडाळीतून जातो आणि पुढे दोन छोट्या धातूच्या टोकांतून जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जातो. ही टोकं म्हणजेच पॉइंट. आपले मेकॅनिक त्यांना सी.बी. पॉइंट म्हणतात. टोकं चिकटलेली असली की प्रवाह वाहतो, गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. इंजिनासोबत फिरणारा एक कंगोरेदार दांडा योग्य क्षणी ती टोकं विलग करतो. प्रवाह तुटतो. क्षेत्र एकदम कोसळतं. इथे फॅरेडे आले! क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितका दाब जास्त. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी प्राथमिक गुंडाळीतच दोनशे-अडीचशे व्होल्ट उठतात, आणि दुय्यम गुंडाळीत त्याच्या शंभरपट, म्हणजे २० ते २५ हजार. हा दाब डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या रोटरमधून ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगला जातो, आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते.

कंडेन्सर कशाला, हे मुलं विचारतातच. टोकं उघडताना वाहता प्रवाह सहजासहजी थांबत नाही, तो फटीतून उडी मारून तिथेच ठिणगी पाडायला बघतो. मग क्षेत्र झपाट्याने कोसळत नाही, आणि टोकंही जळतात. कंडेन्सर तो क्षणभराचा प्रवाह स्वतःत घेतो. एवढुशी डबी, धारकता साधारण ०.२ मायक्रोफॅरड. पण ती गेली की ट्रक गेला.

एक गणितही घ्या. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात दर दोन फेऱ्यांना सहा ठिणग्या, म्हणजे फेरीला तीन. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर मिनिटाला ९,००० आणि सेकंदाला १५० ठिणग्या. म्हणजे ती दोन टोकं एका सेकंदात १५० वेळा उघडतात आणि मिटतात. सहावीच्या मुलांनीही हे केलंय माझ्याकडे, आणि उत्तर आल्यावर जे चेहरे होतात ते पाहण्यासारखे असतात.

हे सगळे सुटे भाग केटरिंग यांनी शोधले असं मात्र सांगू नका. गुंडाळी जुनी, पॉइंट जुने, युरोपात बॅटरी-कॉइलवर चालणारी वाहनं आधीच होती. त्यांनी केलं ते जुळवणीचं काम. आणि ती जुळवणी पुढची साठेक वर्षं जवळजवळ प्रत्येक पेट्रोल मोटारीत आणि ट्रकमध्ये तशीच राहिली.

हँडल आणि सेल्फ

तोवर इंजिन सुरू करायचं म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारायचं. ठिणगीची वेळ मागे घ्यायला विसरलं की इंजिन उलटा झटका देई आणि मनगट, दंड, कधी जबडा मोडे. बायरन कार्टर नावाच्या एका मोटार-उत्पादकाच्या मृत्यूशी अशाच झटक्याची गोष्ट जोडतात आणि तिथूनच सेल्फचा जन्म झाला असं सांगतात. कार्टर वारले १९०८ साली आणि लेलँड यांनी केटरिंग यांच्याकडे विचारणा केली १९१० च्या अखेरीस. एका दमात सांगितल्यासारखी ती गोष्ट सरळ नाही. मी वर्गात सांगत नाही. मोडलेल्या हातांची गोष्ट तिच्यावाचूनही खरीच आहे.

जाणकारांचं मत होतं की इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल. केटरिंग यांना आठवला गल्ल्याचा खण. काम काही सेकंदांचं, मग छोटी मोटर पुरे! १९११ च्या फेब्रुवारीत त्यांनी सेल्फ लावलेली कॅडिलॅक चालवून दाखवली आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर तो सरसकट आला. खरी करामत पुढची आहे. तीच मोटर इंजिन सुरू झाल्यावर जनित्र व्हायची. सुरू करताना बॅटरीचे भाग एकसर जोडून २४ व्होल्ट, नंतर समांतर जोडून ६ व्होल्टवर भरणं. म्हणजे जे इंजिन बॅटरी वापरून सुरू झालं, तेच तिला परत भरतं, दिवे लावतं आणि ठिणगीही देतं. एकसर आणि समांतर जोडणीचा याहून चांगला दाखला पाठ्यपुस्तकात नाही, हे मी ठामपणे सांगतो.

याचा परिणाम कारखान्याबाहेर झाला. हँडलला ताकद लागायची म्हणून स्त्रिया आणि वयस्कर माणसं शहरात विजेवर चालणाऱ्या मोटारी पसंत करत. सेल्फ आला आणि त्या मोटारींचं मोठं आकर्षणच गेलं. आज आपण परत विजेच्या गाड्यांकडे वळतोय, तेव्हा हे सांगताना गंमत वाटते.

ट्रक, मामेभाऊ आणि गणपतीची मिरवणूक

डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये गेली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग त्या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. तेव्हा ओहायोतल्या खळ्यातली पद्धत शिवडीहून निघालेल्या ट्रक-बसमधून आपल्या घाटांत पोचली म्हणायला हरकत नाही. रस्त्यावरचे आपले वस्ताद कॉइल-कंडेन्सर शिकले ते याच गाड्यांवर.

माझ्या मामांकडे एक जुना सहा सिलिंडरचा अमेरिकन पेट्रोल ट्रक होता, अजून आहे. मामा गेले, मामेभावाने तो विकला नाही. वर्षातून एकदा गावच्या गणपतीच्या मिरवणुकीला तो निघतो. मामांची एक ओळ ठरलेली असायची. ट्रक बंद पडला की आधी कॉइलच्या मधली जाड वायर काढायची, रबर धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायचं आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडक आवाजाची ठिणगी आली तर कॉइल-पॉइंट ठीक, दोष पुढे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत, रोटरमध्ये, वायरीत किंवा प्लगमध्ये. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही तर दोष मागे. मग कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला टेस्ट-दिवा लावायचा. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करतायत. नुसता पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा काजळलेत. पेटलाच नाही तर एक तर कॉइलपर्यंत वीज पोचत नाही, नाही तर पॉइंटकडची वायर कुठेतरी सांगाड्याला टेकलीय. मामा दहावी नापास होते. पण एका वेळी एकच शक्यता बाद करत जायची, ही पद्धत मी बी.एड.ला शिकलो त्याच्या आधी त्यांच्याकडे पाहिली होती.

पॉइंटची टोकं पाहून ते कंडेन्सरचं भविष्य सांगत. एका टोकावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला की कंडेन्सर जुळत नाही. टोकं निळी-काळी जळलेली दिसली की कंडेन्सर गेला किंवा प्रवाह प्रमाणाबाहेर जातोय. मग पॉलिश पेपर, फिलर गेज, साधारण ०.४ मिलिमीटर फट. फट बदलली की टायमिंग बदलतं, हे मात्र नवे लोक विसरतात. फट वाढली तर टोकं लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते, कमी झाली तर उशिरा.

तर मामेभावाने काय केलं, हा पॉइंटचा जाच संपवायचा म्हणून इलेक्ट्रॉनिक संच आणला. पॉइंटच्या जागी छोटं मोड्यूल, फिरत्या दांड्यावर चुंबकांची कडी. कल्पना उत्तम आहे. घासणारं काही नाही, जळणारं काही नाही, ठिणगीची वेळ सरकत नाही. अंगणात ट्रक गुळगुळीत चालला. मिरवणुकीला मूर्ती ट्रकवर, पुढे लेझीम, मागे अख्खं गाव, आणि चौकात ट्रकने मिसिंग मारायला सुरुवात केली. दोन आचके दिले आणि बंद. सेल्फ मारला की एक क्षण घेतो, किल्ली सोडली की बंद.

मी तिथेच होतो. किल्ली सोडली की बंद, हे ऐकून खरं तर कळायला हवं होतं. १२ व्होल्टच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉइलच्या आधी एक रोधक असतो. सेल्फ मारताना तो बाजूला पडतो आणि कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. इंजिन चालू झालं की वीज रोधकातून येते, दाब सात-नऊ व्होल्टवर उतरतो, म्हणजे पॉइंट जळत नाहीत. पॉइंटसाठी हे वरदान. पण नव्या मोड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट हवे होते आणि भावाने ते त्या रोधकाच्या पुढच्या टोकालाच जोडलेलं. अंगणात चाललं, कारण बॅटरी ताजी होती. चौकात इंजिन तासभर मंद चाललेलं, वर दिव्यांच्या माळा, बॅटरी खाली आलेली. दाब आणखी पडला आणि मोड्यूलने मान टाकली.

भावाचा चेहरा मी विसरणार नाही. वडिलांचा ट्रक, वडिलांचा मान, आणि सगळं गाव बघतंय. पण मामांच्या लाकडी पेटीत जुने पॉइंट आणि कंडेन्सर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते. वीस मिनिटांत ते परत बसले आणि ट्रक निघाला. दुसऱ्या आठवड्यात किल्लीच्या स्विचपासून मोड्यूलला सरळ वेगळी वायर टाकली. त्यानंतर संच बिनतक्रार चालतोय. कुणाच्या घरी असा ट्रक वा जीप असेल तर दोन गोष्टी आणखी सांगतो. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, ते न पाहता मोड्यूल उलटं जोडलं तर ते तिथेच जळतं. आणि मामांची ती जाड वायर उघडी धरायची युक्ती इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर करू नका. दाब जास्त असतो, झटका बसेल आणि मोड्यूलही जाईल. मुलांना तर कोणत्याच गाडीवर करू देऊ नका.

अमेरिकेत पॉइंटना खरी निवृत्ती मिळाली ती १९७० च्या दशकात. जनरल मोटर्सने १९७५ च्या मॉडेलपासून जास्त दाबाचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आपल्या गाड्यांवर सरसकट बसवलं. तिथले हौशी लोक आजही जुन्या शेवरलेट ट्रकमध्ये तो डिस्ट्रिब्युटर बसवतात. ठिणगी इतकी जोरकस की प्लगची फटही वाढवता येते. तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं डेल्को-रेमी. केटरिंग यांची पद्धत केटरिंग यांच्याच घराण्याने मोडीत काढली.

शिसं

इथवर लेख थांबवला असता तर सोपं होतं. बहुतेक चरित्रं इथून सरळ पुरस्कारांवर जातात.

बॅटरी-इग्निशन आल्यावर कॅडिलॅकची इंजिनं चढावर ठोकायला लागली, म्हणजे आतून टकटक आवाज. लोकांनी दोष दिला केटरिंग यांच्या इग्निशनला. दोष इंधनाचा आहे हे त्यांना सिद्ध करायचं होतं. १९१६ पासून थॉमस मिजली हा तरुण त्यांच्या हाताखाली हे काम करत होता. ठिणगी पडून गेल्यावर उरलेलं मिश्रण एकदम पेट घेतं आणि तो ठोका पडतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मग ठोका थांबवणारा पदार्थ शोधताना कितीतरी रसायनं तपासली आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी सापडलं टेट्राएथिल लेड. पेट्रोलमध्ये किंचित घातलं की आवाज बंद.

शिसं विष आहे हे तेव्हाही माहीत होतं. अल्कोहोल मिसळूनही ठोका थांबतो, हेही या दोघांना ठाऊक होतं. पण शिसं स्वस्त, थोडंसं पुरणारं, आणि त्यावर पेटंट घेता येणारं. १९२३ मध्ये डेटनमध्ये विक्री सुरू झाली. त्याच वर्षी मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेतून बरे होत होते. १९२४ साली ते विकायला एथिल कॉर्पोरेशन निघालं, पहिले अध्यक्ष केटरिंग. त्याच ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी बैठक झाली. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या औद्योगिक आरोग्याच्या डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला. केटरिंग यांनी शिशाची बाजू मांडली. विक्री काही महिने थांबली आणि १९२६ मध्ये परत सुरू झाली.

पुढची पन्नास वर्षं जगभरच्या रस्त्यांवरची मुलं ते शिसं श्वासातून घेत राहिली, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात वाईट होतो. आपल्या देशात शिसंमिश्रित पेट्रोल पूर्ण बंद झालं १ फेब्रुवारी २००० पासून. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१. हा लेख वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण शिशाच्या धुरात गेलंय.

मग केटरिंग मुलांना सांगायचे की नाही? मी काही वर्षं फक्त सेल्फपर्यंतच सांगत होतो. एकदा एका मुलीने कुठूनतरी वाचून शिशाचं विचारलं आणि मला उत्तर नीट देता आलं नाही. तेव्हापासून सगळं सांगतो. हा माणूस दुष्ट नव्हता. शेतावरच्या घरांना वीज मिळावी म्हणून त्याने डेल्को-लाइट नावाचे छोटे संच काढले. १९२३ मध्ये त्याने तांब्याच्या पात्यांनी थंड होणारं इंजिन शेवरलेटसाठी केलं, ते साफ फसलं, ७५९ गाड्या बनून विकलेल्याही परत मागवाव्या लागल्या. तेव्हा त्याने राजीनामा देऊ केला होता. म्हणजे यंत्र फसलं की चूक कबूल करणारा माणूस होता. शिशाच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. इंजिनाचा ठोका कानाला ऐकू येतो, मुलाच्या मेंदूतलं शिसं ऐकू येत नाही. की पैशामुळे? दहावीच्या वर्गात यावर दोन्ही बाजूंनी बोलणारी मुलं निघतात, आणि मी मधे पडत नाही.

१९४५ मध्ये जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था निघाली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह कर्करोगाने गेल्या. डेटनजवळच्या एका वस्तीने १९५० च्या दशकात केटरिंग हे नाव घेतलं. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी ते वारले. डीड्स यांचं खळं आता डेटनच्या इतिहास-उद्यानात हलवून ठेवलं आहे.

मामेभावाने मामांचे ते जुने पॉइंट आणि कंडेन्सर मला शाळेसाठी दिले आहेत. प्रवर्तनाच्या तासाला मी ते फडक्यातून काढून बाकांवरून फिरवतो. भिंगातून पाहिलं की एका टोकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसतो. कंडेन्सर जुळत नव्हता हे मुलं आता मी सांगायच्या आधीच सांगतात.